गोरं करून मिळणार नाही

"गोरं करून मिळणार नाही," असं ती नव्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसायच्या आधीच सांगायची. आवाज चढवून नाही. वाण्यानं साबुदाणा संपलाय म्हणावं, इतक्या सहज. समोरची बाई हसायची, तिला गंमत वाटायची. मग ही भिंतीकडे बोट दाखवायची. तिथे दरपत्रकाच्या वर मोठ्या अक्षरांत तेच वाक्य रंगवून घेतलेलं होतं. ब्युटी पार्लरमध्ये अशी पाटी लावणं म्हणजे मिठाईच्या दुकानात 'इथे गोड मिळणार नाही' असं लिहिण्यासारखं आहे, असं मी तिला एकदा म्हटलं. ती म्हणाली, "मिठाईत साखर असते, काकू. या ट्यूबमध्ये गोरेपणा नसतो."

तुमच्या इमारतीतही तळमजल्यावर असं घरगुती पार्लर असेलच. दाराला फुलाफुलांचा पडदा, बाहेर चपलांचा ढीग, आतून वॅक्सचा वास आणि कुणाच्या तरी सुनेबद्दल चाललेलं बोलणं. आमच्या बदलापूर-कुळगावातल्या इमारतीत ते नेमकं माझ्या दारासमोर होतं. मी अंबरनाथच्या एका शाळेच्या कचेरीत कारकून होते, आता निवृत्त आहे. कारकुनाला दुसऱ्यांच्या भानगडीत लक्ष घालायची सवय असते आणि निवृत्तीनंतर ती वाढते. तेव्हा मी सांगते आहे ते बहुतेक डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

ती भाड्यानं राहायला आली तेव्हा टेम्पोतून सगळ्यात आधी खुर्ची उतरली. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधलं एक सलून बंद झालं, तिथून आणलेली. तिचा वरखाली करायचा दांडा कायमचा अडकलेला होता, त्यामुळे बुटक्या बायकांचे पाय लोंबकळायचे आणि उंच बायकांना घसरत खाली सरकावं लागायचं. पुढच्या खोलीत खुर्ची, भिंतभर आरसा, फेशियलसाठी एक बाजेवजा पलंग. आतल्या खोलीत ती एकटी राहायची. नवरा नाही, मूल नाही, गळ्यात मंगळसूत्र नाही. एवढं आमच्या इमारतीनं सामान घरात जायच्या आधी टिपून घेतलं.

हात मात्र दुसऱ्या दिवशी दिसले. ती पाणी भरायला बाहेर आली, अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घालून. दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे, चुन्यात बुडवून काढल्यासारखे. वर कोपरापर्यंत ठिपके. ओठांच्या एका कडेलाही एक डाग होता. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "स्किनचा काही प्रॉब्लेम आहे का हो तिला?" हे तिच्या कानावर गेलं असावं. बादली खाली ठेवून ती म्हणाली, "कोड आहे, वहिनी. सरळ कोड म्हणा, त्याला राग येत नाही."

आता सांगा, अशी बाई पार्लर काढते तेव्हा इमारतीत काय होत असेल? तेच झालं. जिन्याच्या कठड्याला तिचा हात लागतो, मग आपल्याला होईल का, इथपर्यंत चर्चा गेली. मी आमच्या डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, कोड स्पर्शानं पसरत नाही, उगाच घाबरू नका. मी घरोघर जाऊन सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. पण मान डोलावणं वेगळं आणि त्या हातांखाली चेहरा देणं वेगळं. महिना गेला तरी खुर्ची रिकामी. मी म्हटलं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणून भिंतीवर लाव. ती म्हणाली, "न्हावी लावतो का सर्टिफिकेट?"

त्या दिवशी मी जरा चिडूनच विचारलं, मग तुझ्या मनात आहे तरी काय? तेव्हा तिनं सांगितलं. कॅम्प चारमध्ये ती एका सिंधी मॅडमच्या पार्लरमध्ये बरीच वर्षं होती. मॅडम मनानं चांगल्या. सगळं काम त्यांनीच शिकवलं, आजारपणात डबाही पाठवायच्या. पण गिऱ्हाईक आलं की म्हणायच्या, "बेटा, तू अंदरही रह. कस्टमर डर जाती है." मग ही मागच्या खोलीत वॅक्स गरम करायची, टॉवेल धुवायची आणि बायकांचे डोळे मिटलेले असतील अशीच कामं हातमोजे घालून करायची. फेशियल हिनं केलेलं असायचं आणि बाई डोळे उघडून कौतुक पुढच्या मुलीचं करायची.

"मला एकच गोष्ट पाहिजे, काकू," ती म्हणाली. "हे हात बघून बाई खुर्चीत बसली पाहिजे. डोळे मिटून बसणाऱ्या मी पुष्कळ बघितल्या."

तेव्हा मला कळलं की ही पार्लर चालवत नाहीये, भांडण चालवते आहे. आणि मला भांडणं आवडतात, विशेषतः बरोबर असलेल्या माणसाची. हातमोजे ती फक्त केसांना कलर लावताना घालायची. तेही सांगून, "हे केमिकलसाठी आहेत, तुमच्यासाठी नाहीत."

पहिलं गिऱ्हाईक आमच्या इमारतीतलं नव्हतंच. दारावर मासळी घेऊन येणारी आगरी मावशी होती. तिच्या भाच्याची हळद होती आणि तिला भुवया कोरून घ्यायच्या होत्या, आयुष्यात पहिल्यांदा. तिनं टोपली माझ्या दाराशी ठेवली, हात नळाखाली धुतले आणि समोरच्या दारात उभी राहिली. आतून आवाज आला, "आधी माझे हात बघा, मावशी." मावशीनं बघितले. मग स्वतःचे हात पुढे करून म्हणाली, "माजे हाताला म्हावऱ्याचा वास हाय, तुजे हाताला डाग हाय. कोन कुनाला हसनार? बसव मना." ती बसली. दुसऱ्या दिवशी कोरीव भुवया घेऊन मावशी कुळगावभर पापलेट विकत फिरली. याहून चांगली जाहिरात कुणी केली नसती.

मग मी गेले. माझ्या भुवया म्हणजे वयाप्रमाणे वाढलेलं रान. दोऱ्याचं एक टोक ती दातात धरायची, त्यामुळे आयब्रो करताना तिला बोलता येत नसे. मी विचारत राहायचे, ती नुसतं "हं, हं" करायची. दोरा सुटला की सगळी उत्तरं एकदम यायची. "पहिल्याचं हो, दुसऱ्याचं नाही, आणि तिसरं तुम्ही विचारायला नको होतं." तिची बोटं हलकी होती. कपाळावर जाणवायचीच नाहीत, पण थांबली की त्यांची आठवण यायची.

हळूहळू इमारत आली. वहिनी आल्या, त्यांच्या नणंदा आल्या. नोकरीला जाणाऱ्या पोरी संध्याकाळी स्टेशनवरून परस्पर यायच्या. उल्हासनगरहून सिंधी बायका यायला लागल्या, कारण मॅडमकडच्या फेशियलचा हात कुणाचा होता हे त्यांना आता कळलं होतं. "दीदी, आप इधर हो और हमको पताही नहीं," म्हणायच्या. दीदी नुसती हसायची. सावळ्या पोरी ब्लीच मागायच्या आणि बोलणी खायच्या. "बाळा, माझ्याकडे बघ. माझं अर्धं अंग फुकटात गोरं झालंय. सुखी झाले का मी?" मग त्या बिचाऱ्या निमूट फेशियल करून घ्यायच्या.

धंद्याचं गणित म्हणून हे सगळं चुकीचंच होतं. आणखी एक चूक ती करायची. नवरीचा मेकअप करायची, साडी नेसवायची, केस बांधायची, पण मेंदी लावायची नाही. तीजडीच्या सणाआधी सिंधी बायका मेंदीसाठी रांग लावतात, लग्नसराईत तर विचारूच नका. ही सरळ नाही म्हणायची. मला वाटायचं येत नसेल. एकदा दुपारी दुकान रिकामं असताना तिनं माझ्या वहीच्या मागच्या पानावर पेनानं वेलबुट्टी काढली, बोलता बोलता, न बघता. मी बघतच राहिले. म्हटलं, एवढी सुंदर येते, मग?

तिनं पेनाचं टोपण लावलं आणि सांगायला सुरुवात केली. तिचं माहेर वांगणीच्या पुढे, आत एका पाड्यावर. लग्न जुळवायला लागले तेव्हा डाग फक्त बोटांवर आणि तळहाताच्या मागे होते. आत्यानं युक्ती काढली. कोपरापर्यंत मेंदी भरा, मधे रिकामी जागा ठेवू नका. मेंदीखाली डाग दिसत नाहीत. बघायला आले तेव्हा चुलतबहिणीच्या लग्नाचं निमित्त झालं, स्वतःच्या लग्नात तर मेंदी असतेच. सासरच्यांनी मेंदीचं कौतुक केलं. कुणाकडेच नाही इतकी रंगली, म्हणाले.

"मग ती उतरायला लागली," ती म्हणाली. "आत्यानं बॅगेत कोन दिले होते. मी न्हाणीघरात दार लावून परत परत लावायची. सासू म्हणायची, हिला मेंदीचं वेड आहे. कोन संपले, काकू. आणायला एकटीला बाहेर कोण सोडणार?"

मी विचारलं, मग हाकलून दिलं?

"आणून सोडलं. रीतसर, माणसं घेऊन. डागाला कुणी काही बोललं नाही. फसवलंत म्हणाले. आणि खरं होतं ते. फसवलंच होतं." तिनं वही माझ्याकडे सरकवली. "मी त्यांच्यावर चिडते ना, तेव्हा तिथेच येऊन अडकते. त्यांच्या जागी मी असते तर मलाही राग आला असता."

मला ती त्या क्षणी फार आवडली. नवऱ्याला शिव्या घालणाऱ्या बायका मी पुष्कळ ऐकल्या आहेत आणि त्यांना साथही दिली आहे. पण स्वतःचं घर मोडलेलं असताना समोरच्याचं जेवढं खरं तेवढं त्याला देऊन टाकणारी हीच एक.

यानंतरच्या लग्नसराईत दोघी मायलेकी आल्या. अंबरनाथ पूर्वेची माणसं, चांगल्या घरची. माझ्या डोक्यावर तेव्हा कलर थापलेला होता, त्यामुळे मला उठून जाता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर जायचंही नव्हतं. मी पलंगावर सरकले. आईनं सगळं ठरवूनच आणलं होतं. मेकअप, साडी, केस, दोन्ही दिवसांचं. मग म्हणाली, "आणि मेंदी. कोपरापर्यंत, अगदी भरून. मधे जागा सोडू नका."

"मी मेंदी लावत नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला येते. आम्ही चौकशी करून आलोय." आईनं मुलीचा हात धरून पुढे ओढला, बाही वर सरकवली. मनगटाच्या आत एक पांढरा डाग होता, शेंगदाण्याएवढा. दुसरा अंगठ्याच्या मुळाशी. "हे झाकायचंय. दुसऱ्या पार्लरवाल्या चार ठिकाणी बोलतात. तुम्ही बोलणार नाही. तुम्हाला तर कळतंच."

ती हात बघत राहिली. मग आईला सोडून मुलीला विचारलं, "मुलाला माहीत आहे?"

मुलीनं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "लग्नानंतर सांगू. एकदा जीव जडला की काही वाटत नाही."

"जडायला वेळ लागतो, मावशी. मेंदी त्याच्या आधी उतरते."

आईचा चेहरा लाल झाला. तुमचं काम मेकअप करायचं, प्रवचन द्यायचं नाही, असं बरंच ती बोलली. ही ऐकत होती, एका हातानं माझ्या कपाळावर ओघळलेला कलर पुसत होती. मग मुलीसमोर खाली बसून म्हणाली, "हात तुझा आहे. आईचा नाही, माझा पण नाही. तू त्याला दाखव. तो हो म्हणाला तर मी अशी मेंदी काढून देईन की कॅम्प चारमध्ये कुणी काढली नसेल. तुला डाग झाकून पाहिजे तर झाकून, उघडा पाहिजे तर उघडा. पण त्याच्यापासून लपवायला मी कोन हातात धरणार नाही."

मुलीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "दीदी, तुम्हाला परत आणून सोडलं ना? आई सांगत होती. मग तुम्ही काय केलंत?"

"पार्लर काढलं," ती म्हणाली.

मुलीनं पर्समधून फोन काढला, आरशासमोरच्या दिव्याखाली हात धरला आणि फोटो काढला. आई फोन हिसकायला धावली, तोवर फोटो त्या मुलाला गेला होता. त्यानं बघितल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. आम्ही चौघी बायका त्या फोनकडे बघत बसलो. आई शेवटी रडत रडत त्या अडकलेल्या खुर्चीत बसली. तिचे पाय खाली टेकत नव्हते. माझे केस नंतर जांभळट निघाले, कारण कलर धुवायचं कुणाला सुचलंच नाही.

लग्न मोडलं. मुलाकडचे म्हणाले, आधी सांगायला हवं होतं. हेच तर ती म्हणत होती. पण खापर फुटलं तिच्यावरच. स्वतःचं टिकलं नाही म्हणून दुसरीचं मोडते, असं अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत झालं. मुलीचे मामा आमच्या सेक्रेटरींच्या ओळखीचे निघाले. ठरलेल्या नवऱ्या एकेक करून रद्द झाल्या. वहिनी पुन्हा जिन्याचा कठडा रुमालानं धरायला लागल्या. आणि सोसायटीची सभा बोलावली गेली.

सभेत विषय होता, रहिवासी इमारतीत धंदा चालावा की नाही. आता आमच्याकडे पहिल्या मजल्यावर शिकवणी चालते, चौथ्या मजल्यावर पोळीभाजीचे डबे बनतात आणि सेक्रेटरी स्वतः घरातून विमा विकतात. चपलांचा त्रास, अनोळखी माणसांची ये-जा, पाण्याचा वापर, असं एकेक निघालं. ती भाडेकरू, तिला मत नव्हतं. तरी येऊन मागे उभी राहिली होती. सगळ्यांचं झाल्यावर म्हणाली, "मी उद्या बंद करते. फक्त ठरावात खरं कारण लिहा. हिच्या हाताला कोड आहे म्हणून. आणि खाली सह्या करा."

मी उठून म्हटलं, "लिहा ना, सेक्रेटरी. शुद्धलेखन मी तपासून देते." वहिनी माझ्याकडे रागानं बघायला लागल्या, मग खाली. ठराव काही झाला नाही. खरं कारण जिन्यात बोलायला सोपं असतं, पण त्याच्याखाली आपलं नाव घालायला कुणी तयार नव्हतं. ती घरी जाऊन दार सताड उघडं ठेवून बसली. पुढचे कितीतरी दिवस ते दार तसंच उघडं असायचं, गिऱ्हाईक असो नसो.

त्या उघड्या दारातून एका संध्याकाळी ती मुलगी एकटी आली. मी समोरच होते. खुर्चीत बसली आणि केस मोकळे सोडले. हिनं कात्री घेतली.

"राग आहे माझ्यावर?"

"आहे," मुलगी म्हणाली.

"असू दे. किती कापू?"

मुलीनं मानेजवळ हात धरून दाखवलं, इथपर्यंत. बाही अर्धीच होती. तिच्या मनगटावरचा डाग आता थोडा मोठा दिसत होता. हिनं तिथपर्यंत कापले. त्यानंतर मुलगी दर महिन्याला यायची आणि राग आहे की गेला, ते मी कधी विचारलं नाही. तोंडाशी आलं होतं, तरी गिळलं.

मासळीवाल्या मावशीनं आपल्या घरच्या दोन नवऱ्या आणल्या, तेव्हा कुठे पुन्हा काम सुरू झालं. आणि जरा बरं चाललंय म्हणेपर्यंत मालकानं करार वाढवायला नकार दिला. मालक कल्याणला राहतो, त्याला इथलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. कुणीतरी फोन केला होता. कुणी, ते मला माहीत आहे, आणि मी त्यांच्या घरच्या गणपतीला आता जात नाही.

तिनं रडारड केली नाही. मी केली थोडी. ती म्हणाली, "कॅम्प चारमध्ये रस्त्याला लागून गाळा मिळतोय, काकू. काचेचं दार आहे. येणारी-जाणारी सगळी बघतील." तिच्या बोलण्यात मला हरल्याचं काहीच ऐकू आलं नाही. उलट आता जरा मोठं मैदान मिळाल्यासारखं वाटलं.

ती गेली त्या सकाळी मालक किल्ली घ्यायला आला. सामान टेम्पोत चढलं होतं. घर झाडून पुसून लख्ख केलेलं. त्यानं भिंती बघितल्या, नळ सोडून बघितले, सगळं ठीक आहे म्हणाला. तिनं किल्ली तळहातावर ठेवून पुढे केली. तो जिन्याकडे बघत म्हणाला, "ठेवा तिथे खिडकीत. घेतो मी."

ती हलली नाही. हात तसाच पुढे. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, ती त्याला म्हणाली, थांब जरा. मालकानं मोबाइल काढला, खिशात ठेवला, पुन्हा म्हणाला, "अहो, ठेवा ना खिडकीत." मी माझ्या दारात उभी होते. वहिनी जिन्यात थबकल्या होत्या. ती आमच्यापैकी कुणाकडे बघत नव्हती, फक्त त्याच्याकडे. तो पन्नाशीचा माणूस घामाघूम झाला.

शेवटी त्यानं किल्ली उचलली. दोन बोटांनी, पण तिच्या हातावरून उचलली. ती म्हणाली, "धन्यवाद," आणि चपला घालून टेम्पोत बसायला गेली.